घोडीच्या पोटातला पीळ

माझे हात आखूड आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही. वाण्याचं, कारकुनाचं, कीर्तनकाराचं आखूड हातांनी कधी अडलेलं मी पाहिलं नाही. अडतं ते गुरांच्या डॉक्टराचं, आणि घरच्यांनी नको नको म्हटल्यामुळे मी हट्टानं नेमका तोच झालो होतो. वाईला आमच्या घरी कुणी पाहुणा आला की वडील सांगत, "लोकांची मुलं माणसांचे डॉक्टर होतात, आमचा म्हशींचा झाला." आई काही बोलत नसे, फक्त मी सुटीत आलो की न्हाणीघराचं दार उघडून धरी.

मुंबईच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला मला एका थोराड घोड्याच्या मागे उभं केलं. हाताला साबण फासून मी तो आत घातला. खांदा टेकला, गाल घोड्याच्या पुठ्ठ्याला लागला, तेव्हा परीक्षकांनी विचारलं, "कुठवर पोचलात?" मी म्हटलं, "हात इथवर, सर. पुढे अंदाज." सगळे हसले आणि मला पास केलं. पास करायला नको होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कारण घोडं हे जनावर दिसायला राजबिंडं आणि आतून अत्यंत गैरसोयीचं. त्याला ओकता येत नाही. आत गेलेलं मागच्या दारानंच निघायला हवं, आणि तो रस्ता एवढा लांबलचक की आतडी उकलून ठेवली तर वेशीपासून चावडीपर्यंत जातील. ती पोटात नीट बांधून ठेवायचं मात्र देव विसरला. त्यामुळे घोड्याच्या पोटात दुखायला लागलं की प्रश्न एकच असतो. वारा धरलाय, शेण सुकून अडलंय, की आतड्याला पीळ पडलाय? बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. घोडं टापेनं जमीन उकरतं, मान वळवून कुशीकडे बघतं, लोळतं, घामानं निथळतं. वाऱ्याला आणि शेणाला औषध आहे. पिळाला त्या काळी आमच्याकडे एकच उपाय होता, आणि तो केल्यावर घोडं उठत नसे.

शेण अडलं असेल तर आम्ही एक सुई टोचायचो. सुपारीच्या सत्त्वाची. तिनं आतडी अशी काही ढवळून निघत की बघता बघता घोडं मोकळं होई, मालक पायावर डोकं ठेवी आणि डॉक्टर आपण फार शिकलोय असा चेहरा करून उभा राही. पण पीळ असताना तीच सुई टोचली तर बंद दारावर आतून घण घातल्यासारखं होतं. म्हणून आधी हात घालून बघायचं. पीळ असला तर आतडं ताणून त्याचा पट्टा झालेला हाताला लागतो, तंबूच्या दोरीसारखा ताठ. तो कुठे लागतो? जिथे माझा हात संपतो, त्याच्या वीतभर पुढे.

तासगावच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा लढाई ऐन भरात होती. मुलूख मोठा मजेदार. एक गाव इंग्रजाचं, ओढा ओलांडला की सांगलीच्या राजांचं, पुढची टेकडी चढली की औंधचं. जनावरं आजारी पडताना हद्द बघत नाहीत, त्यामुळे मीही बघत नसे. बरोबर माझा कंपौंडर असे. वयानं मोठा, अंगानं पैलवान, जिभेनं न्हावी. मी काही चुकलो की तो चारचौघांत कधी बोलत नसे. परत येताना सायकलवरून बोले, तेही पुढे राहून, म्हणजे मला त्याच्या पाठीशीच वाद घालावा लागे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दफेदारांचा निरोप आला. घोडी लोळतीया, लगोलग या.

दफेदार म्हणजे जवळच्या गावचे एक शेतकरी. पहिल्या लढाईत ते रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते, घोड्यावर बसून कुठल्या कुठल्या वाळवंटातून फिरून आलेले. घरी ऊस होता, बैल होते, आणि गरज नसताना एक घोडी होती. ती त्यांच्या एकुलत्या मुलाची. मुलगा पलटणीत होता आणि या वेळी लढाईवर होता. जाताना तो या घोडीवर बसून स्टेशनापर्यंत गेला, आणि घोडी मोकळ्या पाठीनं परत आली. त्या दिवसापासून त्याच्या आईनं एक नेम धरला होता. पाडव्याला, दसऱ्याला, सणासुदीला ती मुलाच्या जागी घोडीला ओवाळी. मुलाचं ताट वाढून घोडीपुढे ठेवी. घोडीनं तोंड लावल्याशिवाय स्वतः जेवत नसे. घोडी दारात धड आहे तोवर पोरगं तिकडं धड आहे, असं ती मानत होती आणि उघड बोलत होती. तिच्या या बोलण्याला गावात कुणी हसत नसे. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत होता.

हे सगळं कंपौंडरनं मला वाटेत सांगितलं. चढ होता, मी दम खात होतो. "हं, हं" म्हणत मी ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं पायडलवर सोडून दिलं.

गोठ्यापुढे घोडी उभी होती. कुमैत रंगाची, पिकल्या खजुरासारखी. कपाळावर कालचं कुंकू, गळ्यात सुकलेली झेंडूची माळ. दफेदार दावं धरून तिला फिरवत होते; ती चार पावलं टाकी, थांबे, कुशीकडे बघे आणि गुडघे मोडायला लागे. गोठ्याच्या दारात मावशी, म्हणजे त्यांची बायको, पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

"काय खाल्लं हिनं?" मी विचारलं.

"दसऱ्याचं ताट दिलंतं," मावशी म्हणाली. "पुरनाच्या पोळ्या. वरनं भिजीवलेलं हरबरं. लय आवडीनं खाल्लं वो."

"किती पोळ्या?"

"पोरगं खातंय तेवढ्या." मग, "दोन वरीस झाली की जाऊन त्येला. मागचं पुढचं धरून दिल्या."

आता मला एक खोड आहे. घाबरलेलं माणूस दिसलं की मी विनोद करतो. डॉक्टरानं खेळीमेळीनं वागावं असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी हात पुसत मोठ्यानं म्हणालो, "मावशी, तुमच्या हातच्या एवढ्या पोळ्या खाऊन पलटणीतला शिपाई आडवा झाला असता, ही तर बिचारी घोडी! मेली तर गुन्हा पोळीवर जाईल बघा!"

आणि स्वतःच हसलो.

कोणी हसलं नाही. कंपौंडरनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. मावशीच्या मुठीतलं पदराचं टोक सुटलं. दफेदारांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, बायकोकडे पाहिलं. एवढ्या शांततेत घोडीच्या पोटातला आवाज ऐकू यायला हवा होता. तोही येत नव्हता. मी कुशीला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत काहीतरी चाललेलं असतं, दूरवर बैलगाडी चालावी तसं. इथे गाडी थांबली होती. जबड्याखालची नाडी भरभर धावत होती, हिरड्या विटकरीसारख्या लाल.

"हात घालून बघावं लागेल," मी म्हणालो आणि शर्ट काढला.

बघितलं. म्हणजे खांदा टेकेपर्यंत घातला, टाचा उचलल्या, दात आवळले. बोटांच्या अगदी टोकाला काहीतरी ताठ लागल्यासारखं वाटलं. घोडी कळ येऊन पुढे सरकली आणि ते गेलं. पट्टा होता की फुगलेल्या आतड्याची कड? ज्या उत्तरावर सगळं अवलंबून, ते बोटभर अंतरावर. कंपौंडरकडे पाहिलं. त्याचा दंड मुद्गलाएवढा. तो आत जाणं म्हणजे घोडीला वेगळीच शिक्षा.

"मी घालतो," दफेदार म्हणाले. "रिसाल्यात किती येळा घातलाय."

माणूस उंच, हाडकुळा, हात गुडघ्यापर्यंत येणारे. मला एवढं बरं वाटलं की मी त्यांना स्वतः साबण लावला. घोडीच्या मालकाला घोडीचा निकाल लावायला सांगतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त हाताची लांबी दिसत होती.

दफेदारांनी डोळे मिटले आणि हात आत गेला. सावकाश, सरावानं. मी शेजारी उभा राहून विचारत होतो.

"आतडं फुगलेलं लागतं?"

"व्हय."

"आणखी पुढे. डावीकडे. आडवा ताठ पट्टा लागतो का? दोरीसारखा?"

घोडी कण्हली. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

"दफेदार, पट्टा लागतो का?"

मागून मावशीचा आवाज आला. "आवं, काय लागतंय? बोला की!"

"शेन हाय," दफेदार म्हणाले. डोळे मिटलेलेच. "शेनाच्या गाठी. लय कडक. दुसरं काय न्हाई."

"नक्की?"

"सांगितलं न्हवं?"

त्यांनी हात बाहेर काढला. तो मी पाहिला. आजही डोळ्यांपुढे आहे. कोपरापासून बोटांपर्यंत पातळ चिकट बुळबुळीत लेप, थिजायला आलेल्या तुपासारखा. शेणाचा कण नाही. शेणाच्या गाठींत फिरून आलेला हात असा धुतल्यासारखा कसा येईल, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. कंपौंडरला कळलं. तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "साहेब, हात तर कोरा आहे."

"तू सुई उकळ," मी म्हणालो.

आपल्याला हवं ते उत्तर दुसऱ्यानं दिलं की ते तपासून बघायचं नसतं, हा मनुष्यस्वभाव मी त्या दिवशी फार निष्ठेनं पाळला. शिवाय ते रिसाल्यातले. शिवाय उत्तर सोयीचं. मी सुपारीची सुई भरली आणि घोडीच्या मानेत टोचली, आणि मावशीला म्हणालो, "बघा आता कशी मोकळी होते."

घोडीच्या तोंडातून लाळेच्या तारा गळू लागल्या. मग तिच्या अंगात जे सुरू झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. मी तेव्हाही गोठ्याच्या कुडाकडे तोंड करून उभा होतो. ती स्वतःला जमिनीवर आपटत होती. दावं तुटलं. दफेदार तिच्या डोक्याशी बसून डोळ्यांवर हात ठेवत होते, म्हणजे डोळे दगडावर घासू नयेत. मावशी माझ्या पुढ्यात आली. "मोकळी हुनार म्हनला की. कवा हुनार?" मी म्हटलं, "होईल, मावशी. औषध काम करतंय." औषध काम करत होतं हे खरंच होतं.

माध्यान्हीला घोडी एकदम शांत झाली. लोळायची थांबली, थोडा वेळ पडून राहिली आणि उठून उभी राहिली.

"उटली!" मावशी ओरडली. "आवं बगा, उटली माजी बाय!" तिनं धावत जाऊन मीठमोहऱ्या आणल्या, घोडीवरून उतरवून चुलीत टाकल्या. पाण्याची बादली पुढे धरली. घोडीनं तोंड पाण्यात घातलं आणि तसंच ठेवलं. पीत नव्हती. नुसतं तोंड पाण्यात.

मी घोडीच्या कानाला हात लावला. गार. अंगावरचा घामही गार. ओठ उचलला, तर हिरड्या जांभळाच्या सालीसारख्या. नाडी शोधली, सापडेना. घोड्याचा पोटशूळ हळूहळू ओसरतो. असा दिवा फुंकल्यासारखा जात नाही. तो तसा गेला तर दुखणारं आतडं मेलेलं असतं किंवा फुटलेलं असतं. दुखायला आत काही उरलेलं नसतं, म्हणून जनावर शांत होतं. त्या शांततेत ते थोडा वेळ उभं राहतं, आणि घरचे लोक नारळ फोडतात.

मी वर पाहिलं. दफेदार माझ्याकडेच बघत होते. डोक्यानं खूण करून ते गोठ्यामागे गेले. मी गेलो.

"पट्टा हुता," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तिच्या म्होरं? पोळीनं मेली म्हनून?" आवाज चढला नव्हता. "तुमीच म्हनला हुता न्हवं, गुन्हा पोळीवर."

मी शर्ट घालायला लागलो, तो उलटा निघाला.

"मला वाटलं, माजा हात चुकला आसंल," ते म्हणाले. "म्हटलं सुई लागू पडली तर पडली. आता किती येळ हाय?"

"संध्याकाळपर्यंत नाही टिकायची."

"मग हितं मरू द्यायची न्हाई. घोडी दारात मेली तर घरातली ही आज मेली. म्हंजी जिती ऱ्हाईल, पर मेली."

"दफेदार, तिचं पोट फुटलंय. तिला पाऊलभर चालवणं म्हणजे—"

"ठावं हाय मला, काय म्हंजी ते." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच लांब हात. "तुमी तिला सांगा, सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचीया. सडकंवर मोटार येनार हाय म्हना. तुमचं ऐकंल ती. तुमची सुई लागू पडलीया न्हवं?"

मी सांगितलं. मला एवढं छान सांगता आलं की काय सांगू. सांगलीला कसा मोठा दवाखाना आहे, तिथे कसं रोज पोट तपासतात, घोडी आता धोक्याबाहेर आहे पण काळजी म्हणून न्यायची. मावशीनं ऐकून घेतलं. तिनं घोडीला नवं कुंकू लावलं, फडक्यात हरभरे बांधून माझ्या हाती दिले. घोडीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "जा बाय. बरी हून ये. तुजा धनी यायच्या आत ये."

दफेदारांनी गाठ मारलेलं दावं ओढलं आणि घोडी चालली.

कशी चालली ते मला अजून कळलेलं नाही. पोटात घाण पसरत असताना, नाडी लागत नसताना ते जनावर मान खाली घालून, एकेक टाप मोजून ठेवावी तसं निघालं. मावशी दारात उभी राहून बघत होती, म्हणून दफेदार तिला थांबू देत नव्हते. ती अडखळली की ते दबक्या आवाजात हिंदीत काहीतरी म्हणत. रिसाल्यातले हुकूम असावेत. गल्लीतले लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले, पण कुणी विचारलं नाही. घोडीकडे एकदा बघितलं की विचारण्यासारखं काही उरत नव्हतं. कंपौंडर आणि मी दोन्ही बाजूंनी तिच्या बरगड्यांना खांदे लावून चाललो होतो. आधार देतोय असं दिसू नये म्हणून मी मध्ये मध्ये तिच्या पाठीवर थोपटत होतो.

वळण आलं, घर दिसेनासं झालं. दफेदार थांबले नाहीत. ओढा उतरून पलीकडे चढेपर्यंत त्यांनी तिला नेली. पलीकडचं गाव दुसऱ्या संस्थानातलं, तिथे त्यांच्या मित्राचं रान होतं. बांधाशी त्यांनी दावं सोडलं आणि घोडी तिथेच बसली. कुत्र्यासारखी, पुढचे पाय ताठ करून. घोडं असं बसलेलं बघू नये.

गोळी घालणं सोपं गेलं असतं. पण भूमिगतांच्या धामधुमीत सरकारनं गावोगावच्या बंदुका कचेरीत जमा करून घेतल्या होत्या, आणि बार ऐकून शिपाई धावले असते ते वेगळंच. माझ्या पेटीत क्लोरोफॉर्मची बाटली होती, लढाईमुळे जपून वापरायची. घोड्याच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात कापूस घालून ती सगळी ओतली. तोबरा दफेदारांनीच बांधला. घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि ती गेल्यावरही बराच वेळ तसेच बसून राहिले.

मग म्हणाले, "पोट खोला."

"आता कशाला?"

"मला बगायचंय."

मी खोललं. पीळ होता. सगळा काळानिळा ढीग, ओल्या घोंगडीसारखा, एका जागी फाटलेला. जिथे माझी बोटं संपली होती त्याच्या वीतभर पुढे तो पट्टा मुळाशी दोनदा वळला होता. दफेदारांनी वाकून हात घातला, डोळे मिटले, सकाळसारखंच चाचपलं.

"हेच का, डाक्टर?"

"हेच."

"मग बरूबर कळलं हुतं मला," ते म्हणाले, आणि ओढ्यावर हात धुवायला गेले.

परतताना कंपौंडर सायकलवरून पुढे न जाता माझ्या बरोबरीनं चालवत होता.

खरी पंचाईत पुढच्या बाजारापासून सुरू झाली. मावशी तासगावच्या बाजाराला आली आणि थेट दवाखान्यात. "कशी हाय?" मी म्हणालो, "बरी आहे. वैरण खाते." तिनं हरभऱ्याचं गाठोडं पुढे केलं. "सांगलीला पोचवा." मी घेतलं. पुढच्या बाजारी पुन्हा. मी किती आणि काय काय सांगितलं! घोडीला थोडा ताप आला. उतरला. पोट हलकं आहे, एवढ्यात प्रवास झेपायचा नाही. खुराला जखम झाली होती, भरली. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं गुंतागुंतीचं दुखणं मी एवढ्या यशस्वीपणे हाताळलेलं नाही. हरभरे दवाखान्यात येणारी टांग्यांची घोडी खात. कंपौंडर ते भिजत घालताना म्हणायचा, "साहेब, मेलेल्या जनावराचा ताप उतरवणारा डॉक्टर जिल्ह्यात तुम्ही एकटेच."

"मग काय सांगू तिला? तू सांग."

"मी? माझा भाचा आहे पलटणीत," तो म्हणायचा आणि हरभऱ्यात हात घालायचा.

गावाला सगळं ठाऊक होतं. ओढ्यापलीकडच्या रानात काय पुरलंय ते पोरासोरांनाही माहीत होतं. पण ज्या घरचं माणूस लढाईवर आहे त्या दारात मरणाची बातमी पहिल्यांदा कुणी न्यायची? त्या मुलखात तारवाला गल्लीत शिरला की बाया दारं लावून घेत. घोडीची का होईना, बातमी मरणाचीच. गावानं तोंड मिटलं ते मिटलंच. मावशी सांगलीला स्वतः जाऊन बघते म्हणाली की दफेदार काहीतरी काम काढत, पाऊस काढत, गुडघा काढत.

लढाई संपली. मुलगा परत आला. धडधाकट, थोडा काळवंडलेला. मावशीनं बाजाराचीही वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या दारात दोघं उभी. मुलगा खाकी पँटीत, आणि तिच्या हातात नवं कोरं दावं.

"आला बगा," ती म्हणाली. चेहरा असा फुलला होता की मी उठून उभा राहिलो. "आता चला सांगलीला. ह्यो सोता घिऊन येतो म्हनतोय."

आता कशाला लपवायचं, असा मी हिशोब केला. मुलगा पुढ्यात उभा होता. ज्याच्यासाठी एवढं नाटक केलं ते संकट टळलं होतं. मी तर मनातल्या मनात सुटलोसुद्धा होतो. खुर्ची पुढे केली आणि सांगितलं. घोडी त्याच दिवशी गेली, ओढ्यापलीकडे. तुम्हाला धक्का बसू नये म्हणून दफेदार आणि मी मिळून ठरवलं. पोळ्यांचा काही संबंध नव्हता, आतड्याला पीळ कशानंही पडतो. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

ती बसली नाही. रडलीही नाही. मुलगा म्हणाला, "जाऊ दे आये, दुसरी घिऊ. तशी ती चावरीच हुती." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"त्याच दिवशी?" ती म्हणाली.

"हो."

"दारातनं न्हेली तवा तिचं पोट फुटल्यालं हुतं?"

"...हो, मावशी."

"अन् तुमाला ठावं हुतं?"

मी मान डोलावली.

"त्यांस्नी बी?"

"हो."

"मी बगत हुते दारातनं," ती म्हणाली. "मला वाटलं, बरी झाली म्हनून चालतीया." मग तिनं विचारलं, "आन् ती माज्यासाटनं चालत हुती व्हय?"

मुलगा तिला दंडाला धरून घेऊन गेला. दावं ती बाकावर ठेवून गेली होती. कंपौंडरनं ते उचलून मागच्या खोलीत टाकलं.

त्यानंतर दफेदार मला भेटले ते बरेच महिने उलटल्यावर. बैलाच्या खांद्याला गाठ आली होती म्हणून घेऊन आले होते. घरी कसं काय, म्हणून विचारलं. पोराचं लगीन ठरतंय म्हणाले. आणि मावशी? तर बैलाच्या शिंगाला तेल होतं ते पंचानं पुसत राहिले.

"भाकरी वाडती," ते म्हणाले. "बोलत न्हाई माज्याशी. तवापासनं न्हाई. पोराशी बोलती, व्हनाऱ्या सुनंच्या घरच्यांशी बोलती. मला म्हनाली, एकदाच. माज्या दारात, माज्या मांडीवर मरू दिली आसती तर काय झालं आसतं? तुमी मला मरनाला भ्यालेली समजला व्हय, म्हनली."

मी गाठीवर औषध लावत होतो.

"डाक्टर, त्या दिशी मी पट्टा हाय म्हनलो आसतो तर?"

"तरी मेली असती, दफेदार. पिळाला औषध नाही."

"ते न्हाई इचारत मी."

"मग?"

त्यांनी बैलाचं दावं सोडवून घेतलं, गाठ दाखवायला पुन्हा कधी यायचं ते विचारलं, मी आठवड्यानं या म्हटलं. दवाखान्याच्या फाटकातून ते बैलाला बाहेर काढत होते. बैल वाटेत थांबला, शेजारच्या बांधावरचं गवत ओढायला लागला, आणि दफेदार दावं ढिलं सोडून, त्याचं खाणं होईपर्यंत, उन्हात तसेच उभे राहिले.